ढोलीतून, गवतामागून, पाण्यावरून डोकावणारे जीव : फोटो काढताना या चुका टाळा

पिंगळ्याचा म्हणून आलेला फोटो उघडावा, तर सालीवरची भेग न् भेग मोजता येते आणि पिंगळ्याचे डोळे म्हणजे दोन पिवळे डाग. ताडोब्यातल्या वाघाच्या फोटोत गवताचं एकच पातं लख्ख आणि त्यामागे नारिंगी काहीतरी पसरलेलं. कोकणच्या किनाऱ्यावरचा खेकडा उभ्यानं, वरून टिपलेला. बिळाचं भोक दिसतं, खेकडा शोधावा लागतो. कॅमेरे चांगले आहेत, लेन्स लांब आहेत, माणसं पहाटे चारला उठून जातात, आणि चुका वर्षानुवर्षं त्याच.

डोकावणाऱ्या जीवाच्या फोटोत विषय दोन असतात : तो जीव आणि त्याचा आडोसा. नवशिक्याला फक्त जीव दिसतो. कॅमेऱ्याला आधी आडोसा दिसतो, कारण तो जवळ असतो, उजेडात असतो आणि त्याच्या कडा ठसठशीत असतात. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ या तफावतीत आहे. उरलेल्यांचं मूळ घाईत आहे, आणि त्यांच्याबद्दल मी सौम्यपणे लिहिणार नाही.

फोकस पात्यावर, डोळा धूसर

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, म्हणून तिच्यावर वेळ घालवू.

ऑटोफोकसला कडा लागतात, उजेड आणि अंधार जिथे स्पष्ट वेगळे होतात ती रेषा. उन्हात चमकणारं वाळकं पातं ही त्याच्यासाठी आयती रेषा आहे. त्यामागे सावलीत बसलेल्या वाघाचा चेहरा त्या मानानं फिका. त्यात फोकसचा भाग ‘झोन’ किंवा ‘वाइड’, म्हणजे फ्रेमचा मोठा तुकडा, ठेवलेला असेल तर बहुतेक कॅमेरे त्या भागातली सगळ्यात जवळची वस्तू धरतात. हा बिघाड नव्हे, कॅमेरा तसाच बनवलेला आहे. उघड्यावर उडणाऱ्या पक्ष्यासाठी ही सोय उत्तम, आडोशामागच्या डोळ्यासाठी घातक.

पहिला उपाय : एकच बिंदू, तोही कॅमेऱ्यात मिळेल तितका लहान. तो गवतातल्या फटीतून थेट डोळ्यावर ठेवायचा. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा फोकसचा खरा सेन्सर बऱ्याचदा मोठा असतो. चौकोन फटीत नेमका बसला तरी कडेचं पातं त्या सेन्सरमध्ये येतं आणि फोकस ओढून नेतं. म्हणून फट चौकोनाच्या दुप्पट रुंद मिळेपर्यंत जागा बदलावी.

दुसरा उपाय : फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर, अंगठ्याखाली आणा. कंटिन्युअस (सतत जुळवत राहणारा) ऑटोफोकस चालू ठेवा. डोळ्यावर फोकस बसला की अंगठा उचला. फोकस तिथेच राहतो. आता वाऱ्यानं पातं डोळ्यासमोरून गेलं, तरी कॅमेरा त्याच्यामागे धावत नाही. जीव जागचा हलला तर पुन्हा अंगठा दाबा. शटरच्या बटणावरच फोकस ठेवून आडोशामागचे फोटो काढणाऱ्याचे निम्मे फोटो वाऱ्याच्या मर्जीवर असतात. ही सवय बसायला महिनाभर लागतो आणि त्या महिन्यात फोटो बिघडतात, म्हणून बरेच जण ती आठवडाभरात सोडून देतात. सोडू नका.

मिररलेसवाल्यांचा, म्हणजे आरसा नसलेले नवे कॅमेरे वापरणाऱ्यांचा, भरवसा डोळा ओळखणाऱ्या फोकसवर असतो. जीव उघड्यावर असला की तो खरंच कमाल करतो. पण अर्धा चेहरा खोडाआड, एकच डोळा, त्यावर आडवी काडी असं झालं की चौकोन भटकायला लागतो : कधी कानावर, कधी खोडाच्या गाठीवर. अशा वेळी त्याच्याशी झगडू नये. माझी सवय अशी : डोळा ओळखणारा फोकस एका बटणावर आणि स्पॉट फोकस, म्हणजे तो एकच लहान बिंदू, शेजारच्या बटणावर. चौकोन दोन सेकंदांत स्थिर झाला नाही, तर दुसरं बटण.

मेनूतली एक सेटिंग बहुतेकांनी कधी उघडलेलीच नसते. मध्येच काही आडवं आलं तर कॅमेऱ्यानं किती लगेच त्याच्याकडे वळायचं, हे ती ठरवते. कॅननमध्ये ती ‘ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी’ नावानं आहे, तिथे उणे बाजूला, ‘लॉक्ड ऑन’कडे (धरलेलं न सोडण्याकडे) जा. निकॉनमध्ये ‘ब्लॉक्ड शॉट एएफ रिस्पॉन्स’, तिथे ५ म्हणजे सर्वांत सावकाश. सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत १ म्हणजे लॉक्ड ऑन. निकॉन आणि सोनीचे आकडे उलट्या दिशेनं जातात, म्हणून मित्राच्या कॅमेऱ्यावरचा आकडा आपल्या कॅमेऱ्यावर उतरवू नका.

लांब लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारा स्विच असतो : काहींवर ३ मीटरपासून पुढे, काहींवर ६ मीटरपासून पुढे. जीव १५ मीटरवर आणि गवत लेन्ससमोर दोन मीटरवर असेल, तर हा स्विच लावल्यावर लेन्स गवताकडे जाऊच शकत नाही. गवत जीवाच्या अगदी पुढ्यात असेल तर मात्र त्याचा उपयोग नाही. दाट बांबूत तर सरळ मॅन्युअल फोकस : चित्र मोठं करून, डोळ्यावर कडा चमकू लागेपर्यंत रिंग हळूहळू फिरवायची.

आणि या सगळ्याच्या आधी करायची गोष्ट : जागा बदला. आडोसा जीवाच्या जितका पुढे, तितकं तुमच्या थोड्याशा हलण्यानं तो जास्त सरकतो. दहा-पंधरा सेंटिमीटर डावीकडे झुकल्यावर डोळ्यावरची काडी गालावर जाते. सफारीत माणसं डोळ्यावर काडी असलेले शंभर फोटो काढतात, पण “दादा, गाडी फूटभर मागे घ्या ना, आणि इंजिन बंद करा” एवढं म्हणत नाहीत. चालक आणि गाइड यांना कुठून फट मिळेल हे तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, त्यांना विचारा.

सराव घरी करता येतो. बाल्कनीतल्या तुळशीमागे डोळे असलेलं एखादं खेळणं ठेवा, पंखा लावा, चार-पाच मीटरवरून वीस फोटो काढा आणि स्क्रीनवर डोळ्याशी मोठे करून पाहा. त्यातले पंधरा साधेपर्यंत ताडोब्याचं बुकिंग थांबलं तरी चालेल.

गवताचा हंगामही पाहा. ताडोब्याचा कोअर भाग पावसाळ्यात बंद राहून १ ऑक्टोबरला उघडतो. तेव्हा गवत पुरुषभर आणि हिरवंगार असतं, वाघाचा कान दिसला तरी नशीब. एप्रिल-मेमध्ये गवत बसलेलं असतं, पण तेव्हा दुसरं संकट उभं राहतं, ते म्हणजे तापलेल्या जमिनीवरून उठणारी थरथरती हवा. सकाळी नऊ-साडेनऊनंतर शंभर मीटरपलीकडच्या वाघाचे सगळे फोटो सारखेच मऊ आले, तर लेन्सची तक्रार घेऊन दुकानात जाऊ नका. दोष हवेचा आहे आणि त्याला कुठलीच सेटिंग नाही. जीव जवळ असेल तेव्हाच आणि सकाळच्या पहिल्या तासात फोटो घ्या.

झाडाच्या बुंध्याशी उभं राहणं

ढोली दिसली की माणूस झाडाकडे चालत सुटतो. जवळ गेलं की मोठं दिसेल, हा हिशोब. प्रत्यक्षात दोन गोष्टी बिघडतात.

पहिली गोष्ट कोन. ढोली पाच मीटर उंचीवर आणि कॅमेरा दीड मीटरवर धरू. चार मीटरवर उभे राहिलात तर लेन्स ४० अंशांनी वर जाते. पिंगळ्याची हनुवटी दिसते, ढोलीचा खालचा ओठ अर्धा चेहरा खातो आणि मागे पांढरं आभाळ येतं. १५ मीटर अंतरापर्यंत मागे गेलात तर हाच कोन १३ अंशांवर येतो. तिथून पिंगळा जवळपास समोर बसल्यासारखा दिसतो. मागे जाणं हा कोन सुधारण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. जवळ टेकाड, घराची गच्ची, रस्त्याचा उंच बांध असेल तर आणखी बरं.

दुसरी गोष्ट डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागे जेवढा पट्टा स्पष्ट येतो त्याची खोली. फुलफ्रेम कॅमेरा, ५०० मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ ५.६ : १० मीटरवरून साधारण १३ सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. पाच मीटरवरून ती जेमतेम साडेतीन सेंटिमीटर उरते. ढोलीचा ओठ आणि आत मागे बसलेल्या पक्ष्याचा डोळा यांत पाच ते दहा सेंटिमीटरचं अंतर सहज असतं. म्हणजे जवळून काढलेल्या फोटोत ओठ आणि डोळा दोन्ही स्पष्ट येणं अशक्यच. लांबून, एफ ८ वर (म्हणजे छिद्र आणखी लहान करून) दोन्ही मिळतात.

पक्षी अजून बाहेर आलेला नसताना फोकस कुठे ठेवायचा, हे बरेच जण विचारतात. ढोलीच्या ओठावर नको. ओठाच्या उजव्या किंवा डाव्या बाजूच्या सालीवर ठेवा. खोड गोल असल्यामुळे ती साल ओठापेक्षा दोन-चार सेंटिमीटर मागे असते आणि डोकावलेल्या डोळ्याच्या पातळीला जास्त जवळ जाते.

तांबट पक्ष्याचं बीळ बहुधा वाळक्या, तिरप्या फांदीच्या खालच्या अंगाला असतं. तिथे बुंध्याजवळून डोकं दिसतं, पण मागे आभाळच येतं. दूर जाऊन मागच्या झाडाची गर्द पानं पार्श्वभूमीला येतील अशी रेषा शोधा. लाल कपाळ आणि पिवळा गळा हिरव्यावर जितका उठतो, तितका पांढऱ्या आभाळावर कधीच नाही.

ठोकून, खडा मारून, आवाज लावून बाहेर काढणं

ही चूक म्हणायची की गुन्हा, हे वाचून ठरवा.

पिंगळा ढोलीत आत आहे, दिसत नाही, वेळ कमी आहे. मग कुणीतरी काठीनं खोड ठोकतो, कुणी खडा भिरकावतो, कुणी फोनवर पिंगळ्याचा आवाज लावतो. पिंगळा बाहेर येतो, मान लांब करतो, डोकं वरखाली करतो, डोळे मोठे करून बघतो. लोक हसतात, “नाचतोय बघ!” तो नाचत नाही. समोरचा धोका किती लांब आहे हे तो मोजतोय. त्याच्यावर त्या वेळी अंडी उबवायची जबाबदारी असेल, तर ती थंड पडतायत. पिंगळ्याचा विणीचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे फोटो काढायला बाहेर पडणाऱ्यांचाच हंगाम. आणि दिवसाउजेडी ढोलीबाहेर आलेल्या पिंगळ्याला कावळे लगेच हेरतात.

धनेशाच्या बाबतीत हेच आणखी वाईट होतं. उन्हाळ्यात शहरोशहरी जे चालतं ते असं. जुन्या वसाहतीतल्या एखाद्या मोठ्या झाडाच्या ढोलीत राखी धनेशाची मादी आत जाते आणि तोंड लिंपून घेते. उरते ती चोच बाहेर येईल एवढी उभी फट. त्यानंतर कित्येक आठवडे तिचं आणि पिल्लांचं पोट नराच्या फेऱ्यांवर चालतं. नर वड, पिंपळ, उंबराची फळं गळ्यात साठवून आणतो आणि फटीतून एकेक करून भरवतो.

कुणीतरी हे पाहतं आणि उत्साहानं ग्रुपवर पत्ता टाकतं. शनिवारी सकाळी झाडाखाली तीन ट्रायपॉड, रविवारी दहा. नर समोरच्या झाडावर येऊन बसतो, खाली माणसं बघतो. कुणी जागा पकडायला धावतो, कुणाचा ट्रायपॉड आपटतो, दहा कॅमेऱ्यांचे शटर एकदम खडखडतात. नर उडून जातो. अर्ध्या तासानं पुन्हा येतो, पुन्हा तेच. फटीतून मादीची चोच येते आणि आत जाते, आणि तिलाच लोक ‘डोकावणारी’ म्हणून टिपतात. चोच बाहेर येत असते ती अन्नाच्या वाटेकडे. दुपारपर्यंत नरानं आठ-दहा फेऱ्या करायच्या असतात, त्यातल्या दोन झाल्या. गर्दी घरी जाते, प्रत्येकाच्या कार्डवर तोच फोटो असतो. पुढच्या रविवारी पुन्हा नवे लोक येतात. ढोलीत कोंडलेली मादी घरटं बदलू शकत नाही. नर घाबरून लांबच राहिला, तर आत जे होतं ते कुणाच्याच फोटोत येत नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही येतं. अनेक छायाचित्र स्पर्धा घरट्याचे फोटो स्वीकारतच नाहीत. पण नियम आहे म्हणून थांबणाऱ्यापेक्षा पक्ष्याची फेरी चुकतेय हे दिसलं म्हणून थांबणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

यावर माझी पद्धत अगदी साधी आहे. पक्षी चोचीत काही घेऊन ढोलीकडे जाताना दिसला, की ते घरटं आहे असं धरायचं आणि निघायचं. नुसती बसायची ढोली असेल तर वीस-पंचवीस मीटरवर खाली बसायचं, शक्य असेल तर गाडीतच. गाडीला पक्षी सरावलेले असतात, उभ्या माणसाला नाही. पिंगळ्याचं डोकं हलायचं थांबलं आणि डोळे अर्धे मिटले, म्हणजे अंतर बरोबर आहे. हलणं थांबत नसेल तर पाच-दहा पावलं मागे. अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांचा पिंगळा वटारलेल्या डोळ्यांच्या पिंगळ्यापेक्षा कितीतरी सुंदर दिसतो, आणि तो फोटो ठोकून मिळत नाही.

वेळ निवडली तर ठोकायची गरजच पडत नाही. हिवाळ्यातल्या सकाळी पूर्वेकडे तोंड असलेल्या ढोलीत ऊन शिरतं तेव्हा पिंगळा आपणहून दारात येऊन ऊन खातो. पश्चिममुखी ढोली असेल तर सूर्यास्ताच्या आधीचा अर्धा तास. आदल्या दिवशी ढोलीचं तोंड कुठल्या दिशेला आहे एवढं होकायंत्रावर पाहून ठेवलं की पुरे.

रानपिंगळ्याच्या बाबतीत तर एकही अपवाद करू नका. १८८४ नंतर शतकभराहून अधिक काळ ज्याची खात्रीशीर नोंद नव्हती आणि १९९७ मध्ये नंदुरबारच्या शहादा परिसरात जो पुन्हा सापडला, त्या पक्ष्याला आवाज लावून बोलवायचं धाडस कुणी करू नये. तो दिवसा वावरणारा आहे; थांबलात तर दिसतो.

अंधाऱ्या ढोलीला कॅमेरा फसतो

फ्रेमचा मोठा भाग काळी ढोली असेल तर कॅमेरा चित्र उजळ करायला बघतो. ढोली करडी होते आणि पिंगळ्याच्या पांढऱ्या भुवया जळून सपाट होतात. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) उणे ०.७ ते उणे १ करा आणि हिस्टोग्रामची, म्हणजे उजेडाच्या आलेखाची, उजवी कड पाहा. उलट, खडकाच्या किंवा भिंतीच्या कडेवरून डोकं वर आलंय आणि मागे आभाळ आहे, तेव्हा अधिक १ ते अधिक १.७ लागतं, नाहीतर फक्त काळी सावली हाती येते. उजेड एकसारखा असेल तर मी मॅन्युअल एक्स्पोजरवरच राहतो. ढोलीच्या बाजूच्या उन्हातल्या सालीवर एकदा मोजून घेतलं की पक्षी आत-बाहेर करताना आकडे उड्या मारत नाहीत.

एडिटिंगला बसल्यावर ढोलीतला अंधार उजळू नका. शॅडोचा स्लायडर टोकाला नेला की आतून रंगीत ठिपके आणि कोळ्याची जाळी बाहेर येतात आणि पिंगळ्यावरची नजर तिकडे जाते. काळं काळंच राहू द्या. तो काळा रंगच चेहरा पुढे आणतो.

आडोसाच कापून टाकणं

शेकरूचा फोटो. खोडामागून अर्धा चेहरा, एक डोळा, पुढच्या पायाची नखं सालीत रुतलेली. हा सुंदर फोटो क्रॉप करून फक्त चेहरा ठेवला जातो आणि विचारलं जातं, अर्धाच का आला? कारण ज्यामुळे तो अर्धा होता ते खोड तुम्हीच काढून टाकलंत. बघणाऱ्याला लपणं कळायचं असेल तर ज्याच्या मागे लपलाय ते निदान जीवाइतकं तरी दिसलं पाहिजे. मी कच्चा अंदाज असा ठेवतो की खोड किंवा भिंत फ्रेमचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग घेईल. खोडाची कड वरपासून खालपर्यंत सलग जाऊ द्यावी, मध्येच तुटू नये. म्हणून उभी फ्रेम बहुतेक वेळा बरी पडते. डोकं ज्या बाजूला बाहेर येतंय तिकडे मोकळी जागा जास्त हवी.

भीमाशंकरच्या रानात शेकरू तुम्ही जवळ गेलात की खोडाच्या पलीकडे सरकतो. जोडीनं आलेले काही फोटोग्राफर मग एकाला पलीकडे पाठवून त्याला अलीकडे हाकतात. हे करू नका. घाबरलेला शेकरू फांदीला चिकटून निश्चल होतो किंवा शेंड्याकडे जातो, आणि दोन्हीत फोटो नसतो. एका जागी बसून राहिलात तर दहा-पंधरा मिनिटांत तो स्वतःच डोकावून तुम्ही अजून आहात का ते बघतो. रानाखाली उजेड कमी असतो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० ला घाबरू नका. त्यानं चित्रावर येणारे दाणे काढता येतात, हललेला डोळा दुरुस्त होत नाही.

पाणी आणि वाळू

वाळूतल्या खेकड्याचे डोळे देठावर असतात आणि बिळातून आधी तेच वर येतात. उभ्यानं काढलेल्या फोटोत हे देठ वाळूत मिसळून जातात. पोटावर झोपा, लेन्स वाळूपासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर आणा. मग डोळे समुद्राच्या निळ्या-करड्या पट्ट्यावर उठतात. खेकड्याला पावलांची थरथर जमिनीतून कळते. म्हणून बीळ हेरून एकदाच झोपा आणि मग हलू नका. सूर्य पाठीशी असेल तर तुमची सावली बिळावर पडत नाही ना, ते आधी पाहा. लेन्सखाली धान्यानं भरलेली पिशवी ठेवा, कॅमेरा थेट वाळूवर नको. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका.

खाडीतल्या चिखलातली निवटी (चिखलावर उड्या मारणारा मासा) ओहोटीला चांगली दिसते. भरतीची वेळ पाहून, पाणी उतरायला लागल्यावर जाऊन बसा. उडी टिपायची असेल तर शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू नको.

मगरीचं मात्र उलट आहे. डोळे आणि नाकपुड्या एका रेषेत पाण्यावर, बाकी देह खाली, हा फोटो पाण्याच्या पातळीवरूनच उत्तम येतो हे खरं. पण म्हणून सांगलीजवळ कृष्णेच्या किंवा चिपळूणला वाशिष्ठीच्या काठाशी पाण्यालगत झोपणं हा जिवाशी खेळ आहे. कोन अंतरानं कमी करा. चार मीटर उंच काठावरून १० मीटरवरच्या मगरीकडे २२ अंश खाली पाहावं लागतं, ४० मीटरवरच्या मगरीकडे फक्त ६ अंश. लांब लेन्स, लांब मगर. नावेतून काढायचा असेल तर नावाड्याला विचारून, हात पाण्याबाहेर ठेवून.

पाणी चमकत असताना ध्रुवीकरण फिल्टर लावून चमक पूर्ण मारणाऱ्यांना एक विनंती : थोडी ठेवा. ती चमक गेली की मगर पाण्यात आहे की मातीत, ते कळत नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

शटर १/२५० ठेवून ‘पक्षी तर स्थिर आहे’ म्हणणं. पिंगळ्याचं डोकं एका झटक्यात फिरतं. निदान १/८०० ठेवा. घरटं कोरताना भुसा बाहेर फेकणाऱ्या तांबटाला १/१६०० लागतं.

लेन्सच्या अगदी तोंडाशी पान आलं म्हणून घाबरणं. ते पान ॲपर्चर पूर्ण उघडल्यावर हिरव्या धुक्यासारखं पसरतं आणि बरंच काम करतं. त्रास देतं ते जीवाच्या जवळचं पान.

आडवं गवत किंवा फांदी तोडून ‘जागा साफ’ करणं. ज्या आडोशाच्या भरवशावर जीव तिथे बसलाय तो काढलात तर तो उद्या तिथे नसेल, आणि कावळ्याला मात्र वाट मोकळी होईल.

रात्री ढोलीत टॉर्च किंवा फ्लॅश मारणं. नाही म्हणजे नाही.

खोकडाच्या (छोट्या रानकोल्ह्याच्या) बिळापाशी चालत जाणं. माणसाच्या वासामागे गावातली कुत्री येतात आणि मादी पिल्लं हलवते. गाडीतून, रस्त्यावरून, थोडा वेळ.

पहिल्याच डोकावण्यात तीस फोटोंचा बर्स्ट (सलग फोटोंचा मारा) सोडणं. जीव पहिल्यांदा बाहेर येतो तो तुम्हाला तपासायला. तेव्हा शटरचा खडखडाट ऐकला की आत जातो आणि बराच वेळ येत नाही. पहिल्या वेळी बटणाला हात लावू नका, फक्त फोकस आणि एक्स्पोजर पक्कं करा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो जास्त बाहेर, जास्त वेळ आणि सैल अंगानं येतो. तेव्हा दोन-तीन फोटोंचे छोटे झटके द्या, शक्य असेल तर मूक शटरवर. फक्त वेगानं फिरणाऱ्या डोक्याला काही कॅमेऱ्यांचं इलेक्ट्रॉनिक शटर वाकडं करतं, तेवढं तपासून घ्या. बहुतेक नवशिके पहिल्या डोकावण्यानंतर पाच मिनिटांत “गेला” म्हणून उठतात. तो गेलेला नसतो, आत बसलेला असतो.

डोळ्यावरची काडी सॉफ्टवेअरनं पुसून तिथे नवा डोळा बसवणं. तो डोळा त्या जिवाचा नसतो. काडी गालावर असेल तर राहू द्या, डोळ्यावर असेल तर फोटो टाकून द्या आणि पुन्हा जा.

फोटो टाकताना ठिकाण उघड करणं. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, मिररलेस फोनला जोडून ठेवत असाल तर तिथली जीपीएस नोंदही बंद करा. ग्रुपवर टाकताना तालुक्याच्या पुढे नाव देऊ नका. ओळखीच्यानं फार आग्रह केला तर त्याला सोबत घेऊन जा, पण एकट्यालाच, आणि वीण संपल्यावर.